ढग म्हणून पुसलेली रेघ

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉल चालू असताना शाल काढायला मी कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद तुम्हाला दिसला. धाकटा म्हणाला, "आजी, हा कसला नकाशा? याच्यामध्ये पांढरं का सोडलंय?" थोरली म्हणाली, "समुद्र आहे तो, वेड्या. पण आजीकडे समुद्र कुठे आहे?" तेवढ्यात तुमच्या आईला कुणाचा तरी फोन आला, कॉल संपला आणि प्रश्न तसाच राहिला. त्यात दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं आहे. रंगारी सगळं बघून गेला आणि म्हणाला की कपाटाची दारंही घासावी लागतील. तो कागद घासला जायच्या आधी त्याची गोष्ट तुम्हाला सांगावी, म्हणून आज जेवणं आटोपून, ओटा पुसून लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर माझा हात भरभर चालला असता, पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती.

थोरलीचं म्हणणं खरं आहे. शिरूरला समुद्र नाही. घोडनदी आहे, आणि तीही उन्हाळ्यात डबक्याडबक्यांची होते. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, लग्न होऊन इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या शाळेत भूगोल शिकवला. समुद्रप्रवाहांचे बाण मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढले, उष्ण प्रवाह लाल खडूने, थंड प्रवाह निळ्या खडूने. खडूचे दोन डबे वेगळे ठेवायचे, लालात निळा मिसळलेला मला चालत नसे. घरातही मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची, अजूनही असते. तुमची आई या शिस्तीत वाढली. पुढे ती समुद्राचाच अभ्यास करायला गेली, तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "तुझ्या खडूंचा परिणाम आहे हा."

तिचं काम काय ते आधी नीट सांगते. उपग्रह समुद्रावरून जाताना दोन गोष्टी टिपतो. एक, वरच्या पाण्याचं तापमान. दुसरी, पाण्याचा रंग. रंगावरून पाण्यात हरितद्रव्य किती ते काढता येतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती किती आहेत ते कळतं. हिवाळ्यात अरबी समुद्राच्या उत्तर भागावर जमिनीकडून कोरडा, गार वारा वाहतो. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी लवकर थंड होतं, खोल समुद्रातलं बऱ्यापैकी उबदार राहतं. ही दोन पाणी जिथे भेटतात तिथे लगेच एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांच्या मध्ये एक सीमा तयार होते. तिथे बारीक वनस्पती फोफावतात, त्यांच्यामागे बारीक जीव येतात आणि त्यांच्यामागे मासे. तुमची आई तिला फ्रंट म्हणायची. आमच्या घरात तिचं नाव 'रेघ' पडलं.

त्या वर्षी तुमचे बाबा परदेशात नोकरीवर रुजू झाले होते. तुमच्या आईलाही त्याच गावी संशोधनाची जागा मिळत होती, पण प्रबंध पूर्ण झाला तरच. आणि थोरले, तू पोटात होतीस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा लागला तशी तुमची आई समुद्रकाठची संशोधन संस्था सोडून शिरूरला आली. सोबत एक बॅग कपडे आणि एक पेटी भरून समुद्र. म्हणजे लॅपटॉप आणि दोन काळ्या डब्या, ज्यांत काही हिवाळ्यांचे नकाशे साठवलेले होते.

मधल्या खोलीत खिडकीशी तिने टेबल मांडलं. वीज जायची तेव्हा मी तिच्या पायांना तेल लावायची आणि ती मला नकाशे समजावून सांगायची. आजोबा मार्केट यार्डातून भाजी घेऊन आले की पिशवी ठेवता ठेवता विचारायचे, "काय म्हणतोय समुद्र? भरती का ओहोटी?"

"बाबा, मी भरती-ओहोटीचं काम करत नाही."

"बरं, मग भाव काय निघाला?"

ती हसायची. पण जानेवारी उजाडला आणि तिचं हसणं कमी झालं.

झालं होतं ते असं. डिसेंबरच्या नकाशांत रेघ दिसत होती, पण पुसट. थंडी वाढेल तशी ती ठळक व्हायला हवी होती. प्रबंधाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. आणि ऐन थंडीच्या नकाशांत नेमका त्या जागी एक पांढरा पट्टा यायचा. नकाशात पांढरं म्हणजे ढग. वर ढग होता, उपग्रहाला खालचं काही दिसलं नाही, म्हणून ती जागा कोरी सोडलेली. एका हिवाळ्यात नाही, तिच्याकडच्या प्रत्येक हिवाळ्यात तेच.

ढग ओळखायचा कसा, हे मी तिला विचारलं होतं. ढगाचा माथा समुद्रापेक्षा थंड असतो. म्हणून संगणकाला नियम घालून दिलेला असतो की आसपासच्या पाण्यापेक्षा एखादा ठिपका एकदम थंड निघाला तर तो ढग समजायचा आणि पुसून टाकायचा.

"म्हणजे चाळणी," आजोबा म्हणाले. "खडे वर, पीठ खाली."

तुमच्या आईने ही चाळणी आधी तापमानाच्या नकाशांना लावली होती. मग तीच्या तीच हरितद्रव्याच्या नकाशांनाही लावली. दोन नकाशांची तुलना करायची तर दोन्हींत तेच ठिपके राहिले पाहिजेत, एकात पुसलेलं दुसऱ्यातही पुसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला ते एकदम पटलं. दोघांना एकच नियम. मी तरी दुसरं काय केलं असतं?

एके दिवशी सकाळी तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण ती पाय वर घेऊन पडली होती. सर वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "रेघ आहे असं तू म्हणतेस, आणि जिथे ती सर्वांत स्पष्ट असायला हवी तिथेच तुझ्याकडे काही नाही. ढगाखाली काय होतं, हे आपण कसं सांगणार? हा भाग काढून टाकावा लागेल. दुसरी जागा निवडू, दुसरे हिवाळे घेऊ. वेळ लागेल, पण पर्याय नाही."

वेळ लागेल म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसावं किंवा असावंही. नव्याने काम म्हणजे तान्हं बाळ घेऊन आणखी एखादं वर्ष, आणि तिकडची जागा तोवर दुसऱ्या कुणाची. तुमचे बाबा तिकडे आणि थोरले, तू न् तुझी आई इकडे. तुमची आई फोन ठेवून एवढंच म्हणाली, "आई, मला तर ती रेघ आहे असंच वाटतं गं. पण वाटणं दाखवता येत नाही." नंतरचे काही दिवस ती नकाशे उघडायची, बघायची आणि मिटायची. जेवायला बसली की पानातला भात बोटांनी इकडून तिकडे करायची. आजोबांनी समुद्राची चौकशी करणं बंद केलं. त्यावरून मला कळलं की त्यांनाही काळजी लागली आहे.

अशात एक दिवस ती म्हणाली, "आई, मला काकवी खावीशी वाटतेय."

माझं माहेर राहूचं, दौंड तालुक्यातलं. मुळा-मुठा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यातला तो भाग, ऊस भरपूर आणि हिवाळ्यात गुऱ्हाळं धडाक्यात चालू. काकवी शिरूरच्या दुकानातही मिळाली असती, पण इतक्या दिवसांनी तिने तोंडाने काही मागितलं होतं. आजोबांनी लगेच गाडी सांगितली.

पोचलो तेव्हा सकाळचा गारठा होता. गुऱ्हाळाच्या चिमणीतून धूर सरळ वर चालला होता. माझा धाकटा भाऊ पुढे आला, आणि त्याच्यामागून त्याची बायको, आमची वहिनी, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"वन्सं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आन् आठव्यातल्या पोरीला नदी वलांडून आणलीत? गर्भारशीनं नदी वलांडू नये, एवढं बी ठाव न्हाई व्हय?"

आजोबा म्हणाले, "पुलावरनं आणलीय वहिनी, पोहत नाही."

"तुम्ही गप बसा, भावजी. तुमाला कायबी सांगितलं तरी तुमचं आपलं खरं." मग तिने तुमच्या आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ये बाय. किती वाळलीस. पोटातलं तेवढं गोल, बाकी समदी काडी."

कढईतली गरम काकवी भाकरीवर घालून तुमच्या आईने खाल्ली. दोन भाकरी. वहिनी तिसरी वाढायला निघाली. मला बरं वाटलं. खाऊन झाल्यावर तुमची आई म्हणाली, "मामा, संगमावर जाऊ या?"

"संगमावर काय हाय आता? पुण्याची समदी घाण येती तितं."

"लहानपणी तुम्ही न्यायचात. सहज."

वहिनीने पुन्हा तोंड उघडलं. तुमची आई म्हणाली, "ओलांडत नाही मामी, नुसती काठावरून बघते." वहिनीने पदराची गाठ सोडून चिमूटभर मीठ तिच्यावरून उतरवून टाकलं आणि मग सोडलं. स्वतःही गाडीत येऊन बसली. विश्वास नव्हता तिचा आमच्यावर.

संगमाच्या टोकाला आम्ही उभे राहिलो. मी ते दृश्य लहानपणापासून पाहत आले होते, पण त्या सकाळी ते मला नव्याने दिसलं. उजवीकडून मुळा-मुठा येत होती, काळपट, अख्ख्या पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन, आणि त्यामुळे कोमट. तिच्यावरून वाफ निघत होती. डावीकडून भीमा येत होती, धरणाचं हिरवट, गार पाणी घेऊन. तिच्यावर वाफेचा मागमूस नव्हता. म्हणजे नदीचा अर्धा भाग वाफाळत होता आणि अर्धा स्वच्छ. दोन्ही पाणी एकाच पात्रात शेजारी शेजारी लांबपर्यंत चाललं होतं, आणि त्यांच्या मधोमध फेसाचा एक पट्टा. जलपर्णीचे पुंजके आणि दोन्ही नद्यांनी आणलेला पालापाचोळा येऊन त्या पट्ट्यालाच लागत होता.

"हीच ती," तुमची आई मला म्हणाली. "आई, ही बघ. तुला इतके दिवस समजावतेय ती." पण बोलताना तिचा आवाज पडलेला होता. हातची गेलेली गोष्ट दाखवावी तसं ती दाखवत होती. ती वाकून पाण्याला हात लावायला गेली, तशी वहिनी ओरडली, "त्या घाणीत हात घालू नगं! लेकराला कायतरी हुईल!" माझ्या भावाने हसून तिला मागे ओढलं.

आजोबांना फोटो काढायची हौस. त्यांचा मोबाइल साधा होता, त्यात फार फोटो मावत नसत, म्हणून ते प्रत्येक फोटो काढल्याबरोबर तपासायचे आणि बरा नसला की लगेच पुसायचे. शिस्त फक्त माझीच होती असं नाही. त्यांनी नदीचा फोटो काढला, डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाले, "वाया गेला. दोन्ही पाणी छान आलंय, पण मधेच सगळं पांढरं फटक. फेसावर ऊन चमकलंय. रेघच नाही आली." आणि बोट पुसायच्या खुणेवर नेलं.

"बाबा, थांबा."

"अगं, बिघडलाय. दुसरा काढतो."

"बाबा, पुसू नका!"

ती इतक्या जोरात बोलली की वहिनीने दचकून तिच्या पोटाकडे पाहिलं. तुमच्या आईने मोबाइल हातात घेतला, डोक्यावर पदर घ्यावा तशी ओढणी ओढून सावली केली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "पांढरं रेघेवर नाही आलेलं, बाबा. पांढरं हीच रेघ आहे."

आजोबा म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हणालो?"

ती मला म्हणाली, "आई, ढग एका जागी राहतो का गं? रोज? दर हिवाळ्यात?"

मी भूगोलाची शिक्षिका. हा प्रश्न मुलांनी विचारला असता तर मी सांगितलं असतं की नाही, राहत नाही, आणि ईशान्येच्या कोरड्या वाऱ्यात तर तो किनाऱ्यालगत रेघ धरून मुळीच राहणार नाही. पण इतके दिवस पांढरं म्हणजे ढग असं नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, आणि छापील लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची आम्हा दोघींना सवय.

"घरी चला," ती म्हणाली.

"आगं, जेवून जा की! वरण-वांगं टाकलंय."

"मामी, डब्यात द्या."

वहिनीने डबा दिला, काकवीची बाटली दिली आणि आजोबांना बजावलं, "पुलावरनं सावकाश. आन् नदी वलांडताना नाणं टाका." आजोबांनी टाकलं.

घरी आल्यावर वीज होती. तिने हरितद्रव्याचा ऐन थंडीतला एक नकाशा काढला आणि त्याच्यावरची चाळणी काढून टाकली. तापमानावरून बनवलेली चाळणी काढली, एवढंच. आम्ही दोघे तिच्या मागे उभे होतो. नकाशा पडद्यावर हळूहळू उमटला, आणि जिथे पांढरा पट्टा होता तिथे हिरवीगार रेघ होती. वळत, किनाऱ्याला धरून, एका टोकाला थोडी फुटलेली. अगदी सकाळी पाहिलेल्या फेसासारखी.

"पाण्याचा रंग दिसला म्हणजे वर ढग नव्हता," ती म्हणाली. "ढग असता तर रंगच दिसला नसता. दोन्ही नकाशे एकाच उपग्रहाचे, एकाच वेळचे."

मग काय झालं होतं ते तिने आम्हाला समजावलं, आणि तुम्हीही समजून घ्या, कारण गोष्ट इथेच आहे. रेघेशी पाणी एकदम थंड होतं. जितकी थंडी जास्त, तितका फरक मोठा. संगणकाला सांगितलेलं होतं की एकदम थंड दिसलं की ढग समजून पूस. रेघ पुसट होती तोवर ती चाळणीतून सुटत होती. ठळक झाली की चाळणी तिला ढग समजून पुसत होती. आणि नीटनेटकेपणासाठी तीच चाळणी दुसऱ्या नकाशालाही लावल्यामुळे दुसऱ्या नकाशाची साक्षही पुसली जात होती.

आजोबा म्हणाले, "रव्याची चाळणी पिठाला लावलीस होय?"

"उलटं, बाबा. पिठाची रव्याला. आणि वर राहिलेला सगळा रवा खडे म्हणून फेकून दिला."

ती हसली. मी तिच्या टेबलावर डबा उघडून ठेवला आणि तिने तिथेच, नकाशासमोर, वहिनीचं वांगं बोटं चाटत खाल्लं. त्या टेबलावर जेवायला माझी बंदी होती.

काम लगेच संपलं नाही. प्रत्येक हिवाळ्याचा प्रत्येक नकाशा पुन्हा काढायचा, पुसलेल्या ठिपक्यांचं मूळ तापमान परत तपासायचं, खरे ढग कुठले आणि रेघ कुठली ते वेगळं करायचं. खरे ढगही होतेच. काही दिवसांचे तर दोन्ही नकाशे कोरे निघाले आणि तिने ते तसेच सोडले. मी काळजीने विचारलं, तर म्हणाली, "असू दे आई, ते खरंच ढग आहेत." ती नवव्यात होती आणि पोट टेबलाला लागत असल्यामुळे लॅपटॉप लांब ठेवून हात ताणून काम करत होती. सगळं सरांना पाठवलं आणि आम्ही उत्तराची वाट बघू लागलो. वाट बघणं सर्वांत अवघड होतं. सरांनी आणखी काही खोट काढली तर आता पुन्हा करायला वेळ नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं.

फोन आला तेव्हा ती मटार सोलत होती. याही वेळी स्पीकर लावला. सर म्हणाले, "मी दोनदा तपासलं. ढग नव्हता." मग म्हणाले, "तू रेघच पुसत होतीस की गं. आणि मी ती पुसलेली बघून तुला रेघ दाखव म्हणत होतो. आम्ही आजवर अशा किती पुसल्या असतील, कोण जाणे."

"मग तो भाग ठेवायचा, सर?"

"ठेवायचा? तोच तर प्रबंध आहे. लिहून काढ लवकर. बाळ कधी येतंय?"

फोन ठेवल्यावर आम्ही ओरडाआरडा केला असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. आजोबा मागच्या दारी गेले आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिले, इतकं की वृंदावन भरून वाहिलं. मी उरलेले मटार सोलले. तुमची आई म्हणाली, "जरा पडते," आणि जी झोपली ती संध्याकाळी दिवेलागणीला उठली. कित्येक आठवड्यांत ती अशी झोपली नव्हती. दुपारी भंगारवाला ओरडत आला, त्याला मी फाटकातूनच हात जोडून पुढे पाठवलं. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजवला. घर इतकं शांत कधी नव्हतं, आणि ती शांतता मला फार आवडली.

लिहिणं संपलं आणि काही दिवसांतच थोरले, तू आलीस. वहिनी बाळंतविडा आणि काकवीची बाटली घेऊन बघायला आली. तुला मांडीवर घेऊन तिने आधी तुझ्या कपाळाला काजळाची तीट लावली, मग तुमच्या आईला विचारलं, "आन् ती तुजी रेघ? घावली का?"

"घावली, मामी."

"मग झालं. मी मीठ उतरवलं म्हणून घावली. न्हाईतर तुमी तिघं शिकलेली, आन् उगा ढगाकडं बघत बसला व्हता."

थोरले, तू आणि तुझी आई बाबांकडे गेलात त्याआधी तिने एसटी स्टँडजवळच्या दुकानातून एक रंगीत नकाशा छापून आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मला वाटलं, हिरव्या रेघेचा आणला असेल. तो होता जुना, पांढऱ्या पट्ट्याचा, चुकलेला. मी म्हणाले, "अगं, चांगला होता तो लावायचास." ती म्हणाली, "चांगला प्रबंधात आहे. हा इथे असू दे. शाल काढताना दिसेल."

धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तिथे पांढरं सोडलेलं नाही. तिथेच सगळं होतं.

आजोबांचा तो मोबाइल केव्हाच बंद पडला आणि संगमाचा फोटो त्याच्याबरोबर गेला. माझा भाऊ सांगतो की संगमावर फेस आता आणखी वाढला आहे, पण हिवाळ्यात सकाळी अर्धी नदी अजून वाफाळते. वहिनी अजून नाणं टाकल्याशिवाय पूल ओलांडू देत नाही. रंगाऱ्याला मी आज सकाळी सांगितलं की बाकी सगळी दारं घास, ते एक सोड. कागदावरचे निळे आणि लाल रंग बरेच उडाले आहेत. मधला पांढरा पट्टा होता तसा आहे.